वीतभर

सोहार बंदराच्या मागे, कॅम्पच्या अकरा नंबर खोलीत
माझ्या आधीचा माणूस गादीखाली एक पुस्तक सोडून गेला.
कव्हर नाही. पहिली सोळा पानं नाहीत.
म्हणजे माणसाने का सुधारावं, ते मला कळलंच नाही;
मी थेट कसं सुधारावं इथून सुरुवात केली.

जांभळ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.
'रागावर ताबा' याखाली दोन रेघा,
दुसरी इतकी दाबून ओढलेली, की पान फाटलंय.
तो कोण, कुठला, ठाऊक नाही.

जेवल्यावर षण्मुगम मोबाइलवर
कडक इस्त्रीतला एक माणूस बघतो.
तो म्हणतो, पहाटे चारला उठा, आयुष्य बदलेल.
साडेचारला आमची बस येते.
नऊ वर्षं चारलाच उठतोय.

तरी वाचत राहिलो. वहीत उतरवलं:
बोलण्याआधी दहा अंक मोजा.
मोजले.
दहाव्या अंकाला राग तितकाच ताजा,
फक्त त्याला आता शब्दही नेमके सुचले होते.

माझं काम खाली उभं राहून हातांनी बोलायचं.
वर केबिनमध्ये गुलजमान, स्वातचा.
बोट फिरवलं की लोखंड जमीन सोडतं,
मूठ मिटली की अकरा टन हवेत थिजतात.
आणि जहाज कितीही खोळंबलेलं असो,
आधी वीतभरच उचलायचं.
थांबायचं.
पट्टा सरकतोय का, भार कुठे कलतोय,
खाली कोण उभं आहे, बघायचं.
मग वर.
हे रोज करतो, आणि रोज संध्याकाळी
हेल्मेटबरोबर गेटवर काढून ठेवतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
गुहागरच्या आमच्या घरात
अण्णांची मूठ झाकली गेली की आई चुलीवरचं आधी उतरवायची.
तिथे मूठ म्हणजे थांब नव्हतं,
सुरुवात होती.
माझीही तशीच मिटते. अंगठा आत.

परवा शुक्रवारी इमोवर वेदांग म्हणाला,
डिप्लोमा सोडला.
कधी?
तीन आठवडे झाले. आईला माहीत आहे.

माझा उजवा हात आपोआप वर गेला.
मिटला.
अंगणापलीकडून चहाचा कप घेऊन येणारा गुलजमान
माझ्याकडे बघून सवयीने
आहे तिथेच थांबला.

एक पाय पुढे, कप हातात,
वाफ वर जातेय,
आणि तो मूठ उघडायची वाट बघतोय.

मी बघितलं त्याच्याकडे.
मग फोनकडे.
खाली कोण उभं आहे?

'हॅलो? बाबा? रेंज गेली काय?'
नाही. आहे.
'मग बोला ना.'
तू बोल.

तो बोलला. आधी बसभाड्याबद्दल, मग एका सरांबद्दल,
मग मध्येच, फोन वाजला की आई
शेजारच्या बाजूची खिडकी का लावून घेते त्याबद्दल.
डिप्लोम्याचं मला पटलेलं नाही.
आजही नाही.
खिडकीचं माहीत नव्हतं.

गुलजमानला हात खाली करून दाखवला.
तो आला, म्हणाला, चाय ठंडी हो गई उस्ताद,
आणि तशीच प्यायला.

रात्री ते फाटलेलं पान काढलं.
पेन्सिल नव्हती. खिशात लोखंडावर खुणा करायचा
पिवळा खडू होता.
समासात लिहिलं, वीतभर.

खडूच तो. पुसला जाईल.
माझ्यानंतर या गादीवर जो येईल
त्याला बहुतेक नुसता डाग दिसेल,
आणि त्याला वाटेल, हळद सांडली असावी.